पाय न देणारी घोडी आणि लाथ झाडणारी गाय : बक्षिसाने शिकवताना नेमके काय करावे

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमच्या शेतावर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली चार वर्षांची मारवाडी घोडी आहे आणि ती नालबंदाला मागचे पाय उचलू देत नाही. वरचा ओठ दोरीच्या फासात पिळून धरल्याशिवाय नाल ठोकता येत नाही. पहिल्या वेताची एक संकरित गाय धार काढताना लाथ झाडते, म्हणून तिचे मागचे पाय बांधावे लागतात. कोणीतरी तुम्हाला ‘मारझोड सोडा, खाऊ देऊन शिकवा’ असे सांगितले. तुम्ही घोडीला गूळ द्यायला लागलात आणि थोड्याच दिवसांत ती खिसे हुंगू लागली, बाही ओढू लागली, एकदा तिने दातही लावले. आता नालबंद म्हणतो की लाडाने जनावर बिघडते, आणि तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की ही पद्धत घोड्यागुरांना खरोखर लागू पडते की ती फक्त कुत्र्यांपुरती आहे.

पद्धत लागू पडते. घोडे, गाईम्हशी, शेळ्या, डुकरे, अगदी कोंबड्यांनाही. तुमच्या बाबतीत ती फसली असेही मी म्हणणार नाही, कारण घोडी व्यवस्थित शिकली आहे. ती खिशाशी आली की गूळ मिळाला, म्हणून ती खिशाशी येते. तुम्हाला जे शिकवायचे होते आणि तिला ज्याबद्दल गूळ मिळाला, या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, इतकेच. म्हणून या पद्धतीत स्वतःला सतत एकच प्रश्न विचारायचा असतो: घास तोंडात पडण्याच्या नेमक्या आधी जनावर काय करत होते? प्रत्येक गोठ्यात आणि तबेल्यात हे शिक्षण कोणी ठरवले नसतानाही रोज चालू असते. संध्याकाळी तोबरा घेऊन माणूस येताना दिसला की जी घोडी पुढच्या पायाने जमीन उकरते आणि दारावर लाथा घालते, तिला आपण भूक लागली असेल म्हणून सर्वांत आधी तोबरा चढवतो. शांत उभ्या असलेल्या घोड्याची पाळी शेवटी येते. जी शेळी पाटीला ढुशी देते तिच्यापुढे पाला आधी पडतो. मग ही जनावरे हट्टी म्हणून प्रसिद्ध होतात, आणि त्यांचा हट्ट आपणच दोन वेळा खुराक घालून पोसलेला असतो.

मानसशास्त्रात ज्याला सकारात्मक प्रबलन म्हणतात त्याचा अर्थ असा की एखाद्या वर्तनापाठोपाठ जनावराला हवीशी गोष्ट मिळाली तर ते वर्तन वाढते. घोड्यांच्या पारंपरिक शिक्षणात बहुतेक काम दुसऱ्या वाटेने होते: लगामाचा किंवा टाचेचा दाब द्यायचा आणि घोड्याने हवे ते केले की त्याच क्षणी तो सोडायचा. त्या वाटेनेही घोडा शिकतो, आणि जाणत्या स्वाराच्या हातात तो दाब इतका हलका असतो की त्याला क्रौर्य म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र माणसाच्या हाताला आधीच घाबरलेल्या घोडीच्या पायाशी ही वाट अडते, कारण तिने पाय हिसकला आणि माणूस मागे सरला की दाब सुटल्याचे बक्षीस हिसकण्यालाच मिळते. ओठ पिळला की तेवढ्यापुरते काम उरकते हे खरे आहे, आणि एखाद्या तातडीच्या उपचाराच्या वेळी तो उपाय करणाऱ्याला मी दोष देणार नाही. परंतु त्यातून घोडी पाय द्यायला शिकत नाही. नालबंद आला की पुढे काय होते एवढे मात्र पक्के लक्षात ठेवते.

हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आणून रोजच्या व्यवसायात वापरणाऱ्यांमध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड हे दांपत्य सर्वांत आधीचे. १९४० च्या दशकापासून त्यांनी अमेरिकेत कोंबड्या, डुकरे आणि इतर अनेक जातींची जनावरे बक्षिसावर शिकवली. १९६१ मध्ये त्यांनीच या पद्धतीची एक अडचणही प्रामाणिकपणे लिहून ठेवली. लाकडी नाणे उचलून गल्ल्यात टाकायला शिकलेले डुक्कर सुरुवातीला झपाट्याने काम करी, पण पुढे पुढे ते नाणे वाटेतच टाकून नाकाने उकरत बसू लागले. उपासमार वाढवली तर उकरणेही वाढले, कारण अन्नाची अपेक्षा निर्माण झाली की अन्न शोधण्याचा त्या जातीचा मूळ स्वभाव उसळून येतो. तुमच्या घोडीच्या दातांचा उलगडा इथेच होतो. घोडा ओठांनी चाचपून आणि दातांनी तोडून खाणारा प्राणी आहे. गुळासारखी चटक लावणारी वस्तू, ती ठेवलेला खिसा, आणि कधी मिळते तर कधी मिळत नाही असा बेभरवशाचा व्यवहार एकत्र आला की ती ओठ आणि दात वापरणारच.

म्हणून पहिला बदल खाऊत करा. गूळ आणि भिजवलेले चणे बंद करून बारीक कापलेला लसूणघास किंवा गाजराच्या पातळ, लांबट चकत्या घ्या. घोडीला आवडेल पण ती वेडी होणार नाही असा पदार्थ हवा. उपाशी घोडीला शिकवू नका, तिच्यापुढे गवत असू द्या. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, साधारण ८ ते १५ लिटरचे, आणि त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे धडा किती का रंगेना, धान्याचे ओंजळीमागून ओंजळ देणे पोटशूळाला आणि खुरांच्या दाहाला आमंत्रण ठरते. जे काही हातातून द्याल ते दिवसाच्या खुराकातून वजा करा.

दुसरा बदल इशाऱ्यात. घास तोंडापर्यंत पोहोचेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात घोडीने मान वळवली, पाय आपटला किंवा कान मागे पाडले, तर घास त्या कृतीला मिळतो. म्हणून योग्य वर्तनाच्या क्षणी एक छोटा, नेहमी सारखाच आवाज करायचा आणि त्यानंतर प्रत्येक वेळी, न चुकता, घास द्यायचा. परदेशात यासाठी क्लिकर नावाची टिकटिक वाजणारी डबी वापरतात. तिच्याऐवजी जिभेने ‘टॉक्’ करा असा सल्ला पुष्कळदा वाचायला मिळतो, पण आपल्याकडे तो पाळू नये. बैल असो वा घोडा, जिभेच्या टॉक् आवाजावर जनावर पुढे हाकण्याची सवय घरोघरी आहे. त्याच आवाजाने घोडीला एकजण ‘शाबास, थांब’ आणि दुसरा ‘चल’ सांगू लागला तर दोष तिचा नाही. एखादे आखूड अक्षर निवडा, जे गोठ्यात एरवी कोणी उच्चारत नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा.

इशारा होईपर्यंत हात खिशाकडे जाता कामा नये, हे विशेष सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची आणि शरीराची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल वाचत असे आणि ती दिसली की टाप आपटणे थांबवी. तुमची घोडीही तितकीच बारकाईने पाहते. हात आधी हलला तर ती हाताकडे पाहायला शिकते आणि आवाजाला काही अर्थच उरत नाही.

आता पहिला धडा. पायाला हात लावण्याआधी खिशाचा प्रश्न मिटवायचा आहे. घोडी आत आणि तुम्ही बाहेर, मध्ये छातीइतक्या उंचीचे दार किंवा आडवे बांबू, अशा रीतीने उभे राहा. कमरेला पिशवी बांधा. ती नाक पुढे काढून पिशवी शोधेल, दाराला घासेल, कदाचित बांबूला दातही लावेल. काही करू नका, रागावू नका, तिचे तोंड ढकलू नका, कारण ढकलणे हा तिला खेळ वाटतो. कधीतरी कंटाळून ती मान सरळ करील किंवा किंचित पलीकडे वळवील. त्याच क्षणी इशारा, आणि हात पूर्ण लांब करून घास तिच्या तोंडाशी, तुमच्यापासून दूर, तिची मान सरळ राहील अशा जागी. तळहात सपाट आणि अंगठा चिकटलेला ठेवा. घोड्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे स्वतःच्या ओठाखालचे त्याला दिसत नाही, तो तिथे ओठांनी आणि मुस्कटावरच्या केसांनी चाचपतो; बोट चावले जाते ते बहुधा यामुळे, दुष्टाव्याने नव्हे. दोन-चार दिवसांत, रोज काही मिनिटांच्या एक-दोन बैठकांत, तुम्ही समोर आलात की मान सरळ ठेवून उभी राहणारी घोडी दिसू लागते. ती दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. तुमच्या नालबंदाचा आक्षेप या टप्प्याशिवाय खाऊ देणाऱ्यांना लागू आहे, आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे.

मागच्या पायाचे काम सुरू करण्याआधी पशुवैद्यकाकडून पाय, सांधे आणि कंबर तपासून घ्या. तीन पायांवर उभे राहताना जिला दुखते ती घोडी पाय देणार नाही, आणि दुखणे असताना शिकवत बसणे म्हणजे तिला दुखणे लपवायला लावणे आहे. तपासणीत काही निघाले नाही तर एका मदतनिसाने मोकळ्या दोरीने डोके धरावे. खांबाला आखूड बांधू नये. तुम्ही खांद्याशी उभे राहा आणि हात पाठीवरून मागे नेत जा. कुठपर्यंत ती निवांत राहते ते पाहा. कान, नाकपुड्या, शेपटीचा दाब आणि पोटरीतले स्नायू पाहिले की लाथ येण्याच्या पुष्कळ आधी बातमी मिळते. समजा हात मांडीच्या मध्यापर्यंत गेल्यावर तिचे स्नायू ताठ झाले. तर त्याच्या वीतभर अलीकडे थांबा, ती श्वास सोडून सैल होताच इशारा करा, हात काढून घ्या, आणि मदतनिसाने पुढे घास द्यावा. पुढच्या वेळी दोन बोटे खाली. घोट्याखाली हात नेण्याची भीती वाटत असेल तर ती योग्य आहे. सुरुवातीला हाताऐवजी लांब दांड्याला बांधलेला मऊ फडक्याचा बोळा वापरा, म्हणजे लाथ आली तरी दांड्यावर येईल आणि तुम्हाला दचकून मागे उडी मारावी लागणार नाही. तुम्ही दचकून पळालात तर लाथ उपयोगी असते एवढे ती त्यातून शिकते.

पुढे ती पायावरचे वजन हलवू लागते, मग टापेचे टोक जमिनीला टेकवून पाय सैल सोडते. हा क्षण फार मोलाचा आहे आणि लोक तो दवडतात, कारण पाय हलका लागला की त्यांना तो लगेच वर ओढावासा वाटतो. तसे न करता टोक टेकलेल्या स्थितीलाच भरपूर इशारे आणि घास द्या. पाय उचलला जाईल तेव्हा पहिल्यांदा जमिनीपासून चार बोटे आणि क्षणभर. तिने हिसकण्याआधी तुम्हीच तो खाली ठेवा. खाली टाकू नका, ठेवा. तिने हिसकलाच तर घास नाही, शिवी नाही, फटका नाही. पुढची मागणी आधीच्यापेक्षा सोपी करा. उंची आणि वेळ या दोन गोष्टी एकाच बैठकीत वाढवू नयेत. पाय स्थिर राहू लागला की लाकडी मुठीने तळव्यावर हलके ठोके, कानशीचा आवाज, नंतर चामड्याचा पट्टा बांधलेला माणूस शेजारी, अशी नालबंदाच्या कामाची एकेक वस्तू आणा.

खाऊ हेच एकमेव बक्षीस नव्हे. मान आणि पाठ जिथे मिळतात त्या उंचवट्यापाशी घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील निरीक्षणांत त्याच जागी माणसाने खाजवले असता घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. शिंगरांना मी हातातून खाऊ देऊ नका असेच सांगतो. त्यांचे चावरे वय असते आणि त्यांना तिथली खाज पुरते. तुमच्या घोडीलाही दोन धड्यांच्या मध्ये खरारा करताना ती जागा जास्त वेळ द्या. गाईच्या बाबतीत व्हिएन्नातील संशोधकांनी २००८ मध्ये मानेच्या खालच्या बाजूला, जिथे गाई एकमेकींना चाटतात, हाताने चोळून पाहिले; गाई मान लांब करून कान सैल सोडत आणि नंतर माणसाजवळ यायला कमी बिचकत. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, हळद आणि तूप लावून खांदे चोळले जातात. ती वर्षातून एकदा होते, एवढीच माझी तक्रार आहे.

आता गाय. इथे प्रश्न वर्तनाआधी शरीराचा आहे. सडाला चीर, कासेला सूज, कासदाहाची सुरुवात, धार काढणाऱ्याची वाढलेली नखे किंवा अंगठा मुडपून धार काढण्याची सवय, यांपैकी काही असेल तर लाथ हे तिचे उत्तर आहे आणि ते ऐकले पाहिजे. पहिल्या वेताला विल्यानंतरचे काही दिवस कास ताठ असते. हे सगळे तपासून झाले, की मग पान्ह्याचा विचार करा. कासेला स्पर्श झाला, वासरू दिसले किंवा आंबोणाचा, म्हणजे भिजवलेल्या खुराकाचा, वास आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन स्रवते आणि मिनिटा-दोन मिनिटांत पान्हा सुटतो. त्याचा परिणाम पाच-सात मिनिटेच टिकतो. त्या वेळी आरडाओरडा, काठी किंवा पाय आवळणारी दोरी आली की भीतीने ॲड्रेनॅलिन वाढते आणि पान्हा अडतो. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो तेव्हा तिची चोरी पुष्कळदा आपण घडवलेली असते. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ यांच्या गटाने दुग्धव्यवसायातल्या आणि डुकरांच्या शेतांवर अनेक वर्षे काम करून दाखवले आहे की जिथे जनावरे माणसाला जास्त घाबरतात तिथे उत्पादनही कमी असते.

तुम्ही आंबोण गव्हाणीत एकदम ओतता. ते वाईट नाही, धारेची जागा तिला आवडू लागते. पण तिने लाथ मारली काय आणि शांत राहिली काय, पाटी तिच्यापुढेच असते. त्याऐवजी निम्मे आंबोण सुरुवातीला द्या आणि निम्मे एका माणसाच्या हाती राखून ठेवा. तुम्ही कासेला हात लावून स्थिर ठेवा. तिने चारही पाय टेकवून वजन सारखे केले की इशारा, आणि पुढच्या माणसाने मूठभर आंबोण गव्हाणीत टाकावे. मग दोन धारा, इशारा, मूठ. पुढे चार धारा. लाथ आली आणि सुरक्षित असेल तर हात मांडीवर, तिच्या अंगाला चिकटलेलाच ठेवा. ती थांबली की मगच काढा. बादली उचलून निघून गेलात तर नको असलेला माणूस लाथेने घालवता येतो, हे तिला कळते. या आठवड्यात दूध थोडे कमी निघेल आणि वासराला जास्त मिळेल. ते चालू द्या. शेवटी सड पूर्ण रिकामे करा, नाहीतर कासदाहाला वाट मिळते. दरम्यान धार काढणारा घाबरलेला असेल तर पाय सैल बांधायला माझी हरकत नाही, फक्त ते झटापट सुरू व्हायच्या आत, शांतपणे बांधावेत. एकूण आंबोण वाढवू नका. रवंथ करणाऱ्या जनावराला अचानक जास्त धान्य मिळाले की पोटात आम्ल वाढून ते आजारी पडते. तुमच्या पुढच्या कालवडीला विण्याच्या दोन महिने आधीपासून धारेच्या जागी आणून, पाठीपासून कासेपर्यंत हात फिरवून मूठभर आंबोण देण्याची सवय लावा. सडातून काही पिळून मात्र काढू नका, कारण त्याने सडाच्या तोंडाचे नैसर्गिक बूच निघते.

गुरांना असले काही समजत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. २०२१ मध्ये जर्मनीतल्या डुमरस्टॉर्फ येथील संस्थेत वासरांना ठरावीक कोपऱ्यात लघवी करायला मुख्यतः याच पद्धतीने शिकवले गेले. १६ पैकी ११ वासरे यशस्वी झाली. शेळ्यांबद्दल वेगळे लिहायची गरज नाही, त्या आपल्यापेक्षा लवकर शिकतात. लसीकरणाच्या खोड्यात त्यांना रोज फक्त पाला खायला येऊ द्या, म्हणजे लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या दिवशी पळापळ होत नाही. घोड्याला गाडीत चढवण्याचा प्रश्न पुढेमागे तुम्हाला येईलच. त्यासाठी काठीच्या टोकाला बांधलेल्या चेंडूला नाक लावायला शिकवून तो चेंडू हळूहळू गाडीत नेतात. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाडीला बुजणाऱ्या पाच घोड्या याच रीतीने चढू लागल्या होत्या.

काही मर्यादा सांगणे माझे काम आहे. बैलगाडीखाली दोरी अडकली, साप निघाला, रक्त वाहते आहे, अशा वेळी खाऊ शोधत बसू नये. जनावर धरावे आणि काम करावे. हातावर वाढवलेला वळू माणसाला आपल्या कळपातला समजतो आणि वयात आल्यावर त्याची ढुशी जिवावर बेतू शकते, म्हणून गोऱ्ह्यांना लहानपणी कुरवाळून खाऊ घालण्याचा षोक करू नये. तुमच्याकडे येणारे पाहुणे आणि त्यांची मुले घोडीला बिस्किटे देत असतील तर तसा फलक लावून ते आजच बंद करा. तुमच्या आठवड्याचे काम एका दुपारी वाया जाते.

नालबंदाला या सगळ्यात विरोधक समजू नका. खुरे साधारण ६ ते ८ आठवड्यांनी तासावी लागतात, म्हणजे तयारीला तुमच्याकडे तेवढा वेळ आहे. मधे एकदा त्याला हत्यारे न घेता बोलवा, त्याच्या फेरीचे पैसे द्या, आणि तुम्ही इशारा करत असताना त्याला चारही पाय नुसते उचलून खाली ठेवू द्या. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी आधी तिला थोडे चालवून आणा, सावलीत उभी करा, पुढचे पाय आधी घ्या. मागच्या पायांपैकी एकच शांतपणे झाला आणि दुसऱ्याला ती ताठरली, तर तो त्याच आठवड्यात पुन्हा येईल का हे त्याला आधीच विचारून ठेवा.